तिसऱ्या नंबरचा लाल दिवा

चाकणच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मी पिंपळे सौदागरच्या घरीच होते. बुधवारी मी घरून काम करते. फोन तिथल्या सिक्युरिटी सुपरवायझरचा होता.

"मॅडम, तुम्ही अपडेट केल्यापासून सिस्टीम बिघडलीय. लाल दिवा कुणालाही लागतोय."

मी म्हटलं, "तो कुणालाही लागावा म्हणूनच बसवलाय ना?"

"तसं नाही हो. आधी नीट चालायचं. कुणाला लागणार ते आमच्या बायकांना कळायचं, त्या तयार असायच्या. आता काही नेमच राहिला नाही."

बघते म्हणून मी फोन ठेवला. त्याच्या बोलण्यात काहीतरी खटकलं होतं, पण काय ते लगेच कळलं नाही.

आमची कंपनी सहा माणसांची. चिंचवडला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. कारखान्यांच्या गेटवर कार्ड दाखवून आत-बाहेर करायची यंत्रं आम्ही बसवतो, आणि त्यामागचे प्रोग्राम मी लिहिते. चाकणच्या या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होतात. ते काम जवळजवळ सगळं बायका करतात. तांब्याच्या तारा आणि पितळी टोकं बाहेर जातात म्हणून सुटताना झडती घ्यायचे. पूर्वी कुणाला थांबवायचं हे गार्ड ठरवायचे. त्यावरून तक्रारी झाल्या, की तोंड बघून थांबवतात, नव्या पोरींनाच थांबवतात. मग आमच्याकडे काम आलं. बाईने कार्ड लावलं की हिरवा दिवा लागेल आणि ती जाईल. दहातल्या साधारण एकीला लाल लागेल, ती पडद्याआड जाईल. कुणाला लाल लागणार हे कुणाच्याच हातात नसेल. त्या वेळच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, की यंत्राला कुणाचं तोंड दिसत नाही. मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

पुढे त्या कारखान्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं. सगळे प्रोग्राम ताज्या आवृत्तीवर हवेत असा त्यांचा आग्रह. मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते तिच्या मधल्या काळात बऱ्याच आवृत्त्या निघून गेल्या होत्या. आवृत्ती बदलते तेव्हा दोन गोष्टी बदलतात. एक कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला चालवता येईल असं करून देणारा प्रोग्राम. दुसरी स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे भाषेबरोबर मिळणारी तयार अवजारांची पेटी. तारीख काढणं, यादी लावणं, आकडे निवडणं, हे सगळं त्या पेटीतून उचलायचं. काय काय बदललं याची टिपणं प्रत्येक आवृत्तीबरोबर येतात.

ती टिपणं मी वाचली होती. कंपायलरमध्ये एक मोठा बदल होता. तेच तेच काम फिरवून करायची जी रचना असते, तिच्यातल्या एका खुणेचा अर्थ नव्या कंपायलरने बदलला होता. त्या एका गोष्टीवर मी आठवडा घातला. प्रत्येक ठिकाण तपासलं आणि नवीन आवृत्ती चढवली. लायब्ररीतल्या बारीकसारीक बदलांवरून नुसती नजर फिरवली. आपल्याला काय लागतंय त्यातलं, असं वाटलं.

फोन ठेवल्यावर ती टिपणं मी पुन्हा उघडली, आणि या वेळी लायब्ररीचा भाग नीट वाचला. कशाही क्रमाने आकडे काढून देणाऱ्या अवजाराबद्दल दोन-तीन ओळी होत्या. अर्थ असा, की सुरुवातीचा आकडा आपण सांगितला नाही, तर हे अवजार आता दर वेळी वेगळ्या ठिकाणापासून सुरू होईल. पूर्वीसारखं दर वेळी एकाच ठिकाणापासून नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली.

कॉम्प्युटरला मनाने आकडा काढता येत नाही. तो एक सुरुवातीचा आकडा घेतो आणि त्यावरून हिशेब करत पुढचे काढतो. सुरुवात तीच असेल तर पुढची सगळी मालिका तीच. म्हणून सुरुवातीचा आकडा दर वेळी बदलायचा असतो. एका ओळीचं काम. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात, मी स्वतः नव्या मुलांना शिकवलंय. आणि गेटच्या प्रोग्राममध्ये ती ओळ मी लिहिलेली नव्हती.

जुना कंपायलर लॅपटॉपवर अजून होता. त्यावर जुना प्रोग्राम चालवला. लाल आला तिसऱ्या नंबरला, नवव्याला, सतराव्याला. बंद करून परत चालवला. तिसरा, नववा, सतरावा. दहा वेळा चालवून बघितलं. त्यानंतरही आणखी दोनदा चालवला, का ते सांगता येणार नाही. मुलीने आतून जेवायला हाक मारली, ती ऐकू आली होती, पण उठता आलं नाही.

तरी मी स्वतःला समजावत होते. मालिका तीच असली तरी गेटवरचा कॉम्प्युटर महिनोन्‌महिने चालू राहतो, मालिका पुढे सरकत जाते, कुणा एकीवर ती येणार नाही. मग आठवलं. पहिल्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर तापून अडकायचा. तेव्हा प्रत्येक शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधी तो आपोआप बंद होऊन नव्याने सुरू होईल अशी सोय मीच करून दिली होती. त्याबद्दल कारखान्याने आमच्या सरांना खास कळवलंही होतं, की काम छान झालं. म्हणजे दर शिफ्टला मालिका पहिल्यापासून. दर शिफ्टला तिसरी बाई.

दुसऱ्या दिवशी मी चाकणला गेले. गेटच्या खोलीत बसून पहिल्या शिफ्टची नोंद उघडली. तिसऱ्या जागेवर एकच कार्ड. दिवसामागून दिवस तोच नंबर, मध्ये एखादी रजा, पुन्हा तोच. दोन वर्षांहून जास्त, मग अपडेटपर्यंतचे शेवटचे तीन महिने दुसरा. प्रत्येक नोंदीपुढे 'काय सापडले' असा रकाना होता. तो वरपासून खालपर्यंत रिकामा.

एकच बाई दर वेळी तिसरी कशी, ते मला गेटवरच्या लेडी गार्डने सांगितलं. ती चाकणजवळच्याच गावची, पन्नाशीची, बोलायला मोकळी.

"लाइन सुटली की दाराकडच्या टेबलापासून वळीनं निगत्यात मॅडम. पुढं सुपरवायझरीन, मग पयली खुर्ची, मग दुसरी. तिची दुसरी खुर्ची. म्हंजे गेटवर तिसरी. मागं समदी गर्दी व्हती, तितं नंबर हालतो. पुढं न्हाई हालत."

"तिलाच लागतोय हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं की. महिन्याभरात आलं. तिसरीला लागतो, ह्ये आमा समद्यांना ठाव व्हतं."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. सुपरवायझर म्हनलं, कॉम्प्युटरला कळतं. मग आमाला वाटलं तुमीच तसं करून ठिवलंय. वरून काय सांगनं आसंल."

एवढे दिवस रोज त्या गेटवर उभ्या असलेल्या बाया असं समजत होत्या, की एका बाईला रोज थांबवायचं हे मी ठरवून लिहिलं आहे.

"ती काय म्हणायची?" मी विचारलं.

"पयल्यांदा भांडायची. मग गप पडद्याआड यायची. डबा सोताच उघडून दावायची. माजं काम लवकर व्हावं म्हनून चपला आदीच काढून यायची. बसमदी तवर जागा भरायच्या, मग उबी ऱ्हाऊन जायची."

"आता कुठे आहे?"

"काढली की तिला."

एचआरच्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे फाइल उघडून दाखवली. ती बाई कंत्राटदाराकडची होती आणि अपडेटच्या तीन महिने आधी तिचं कंत्राट पुढे वाढवलं नव्हतं. कारण म्हणून एक यादी जोडलेली. ती मी ओळखली. महिनाभरात कुणाकुणाची किती वेळा तपासणी झाली, ते काढून देणारा तक्ता मीच करून दिला होता, वर 'वारंवार तपासणी' असं साधं शीर्षक देऊन. कुणीतरी ते पुसून 'लक्ष ठेवावे' असं केलं होतं. सगळ्यात वर तिचं नाव. पुढच्या तीन महिन्यांत, तिच्या खुर्चीवर आलेल्या नव्या बाईचं.

मी साहेबांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे ती चोर नव्हती?"

"ती तिसरी होती," मी म्हणाले.

ऑफिसात परतून आमच्या सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. बराच वेळ ते माझ्या लॅपटॉपवर तीच मालिका पुन्हा पुन्हा येताना बघत राहिले. मग म्हणाले, "नव्या आवृत्तीत लायब्ररीचं वागणं बदललं, एवढं कारखान्याला लिहून टाक. खोटं नाही ते."

"सर, बदललेलं बरोबर आहे. चूक आधीची होती. माझी होती."

"कंत्राट जाईल."

"जाऊ शकतं."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "लिही. मला दाखव. खाली माझीही सही घाल." मी दोन पानं लिहिली, त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

त्या बाईचा पत्ता लेडी गार्डनेच काढून दिला. ती आता चाकणच्या मार्केट यार्डात कांदा निवडायला जात होती. शनिवारी दुपारी मी तिथे पोचले. गाळ्यासमोर कांद्याचा ढीग, भोवती सात-आठ बायका. मोठा कांदा एकीकडे, बारकी गोलटी एकीकडे, सडका बाजूला. लेडी गार्डने फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हणून ती उठून आली. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, कपाळावर कांद्याचं टरफल चिकटलेलं. मूळची परभणीकडची. आम्ही गोण्यांच्या आडोशाला बसलो.

घरून येताना सगळं जुळवून आणलं होतं, सुरुवात कशी करायची, सोपं कसं सांगायचं. तिथे ते काहीच राहिलं नाही. मी म्हटलं, "ताई, गेटवरच्या दिव्याचा प्रोग्राम मी लिहिला. त्यात माझी चूक होती. त्यामुळे रोज तिसऱ्या बाईला लाल दिवा लागायचा. तुमच्यावर कुणाचाही संशय नव्हता."

तिने माझ्याकडे बघितलं. "कुनाचाच?"

"कुणाचाच नाही. तिसऱ्या नंबरवर दुसरं कुणी असतं तर तिला लागला असता."

"कुनी नाव सांगितलं नव्हतं?"

"नाही. नाव सांगायची सोयच नव्हती त्यात."

ती उठली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, मी त्याची तयारीही केली होती. ती चार पावलं गेली, परत आली आणि होती तिथेच खाली बसली.

"मॅडम, मला वाटलं तिनं सांगितलं."

"कुणी?"

मग तिने सांगितलं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर, तिच्याच गावची एक बाई बसायची. तिनेच हिला गावाहून आणून कामाला लावलं होतं. सुरुवातीला दोघींची बिऱ्हाडं एकाच खोलीत होती, मधे पडदा लावून. ही रोज अडकायची आणि ती एक पाऊल पुढे असूनही रोज हिरव्या दिव्याने निघून जायची. हिला वाटलं, आपलं काम तिच्यापेक्षा लवकर होतं, सुपरवायझरीण आपल्याला चांगलं म्हणते, ते तिला बघवलं नाही. तिनेच गार्डच्या कानात काहीतरी घातलं. हिने तिला कधी विचारलं नाही. नुसतं बोलणं सोडलं. खोली बदलली.

"तिच्या लेकीच्या लग्नाला गेले न्हाई मी. ती सोता बोलवाया आल्ती, पत्रिका घिऊन. मी दार उघडलं न्हाई. आत बसून व्हते."

आतापर्यंत मी या चुकीचा जो काही हिशेब मनात मांडला होता, त्यात झडती होती, बसमधलं उभं राहणं होतं, गेलेलं काम होतं. हे त्यात कुठेच नव्हतं. माझ्या न लिहिलेल्या एका ओळीमुळे कुणी कुणाच्या लेकीच्या लग्नाला गेलं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरेचना. तिनेच उठून मला पाणी आणून दिलं.

"कारखान्याने चुकीची कबुली द्यावी, तुम्हाला परत घ्यावं, असं मी त्यांना लिहिलंय," मी म्हणाले.

"कामाचं बघू. कागद द्या म्हनावं, मराठीत. आन् एक करा." तिने कपाळावरचं टरफल पुसून टाकलं. "तिला तुमी सांगा. माज्या तोंडातून निगायचं न्हाई."

कागद मिळायला तीन आठवडे लागले. आधी इंग्रजीत आला. मी मराठी करून नेला, साहेबांनी त्यावर सही-शिक्का दिला. बाहेर जाण्याची पद्धतही बदलली आणि ती यादी बंद झाली. कंत्राट आमच्याकडेच राहिलं, पण आता कारखान्याचा एक माणूस दर महिन्याला आमचं काम तपासतो. तो तपासतो तेव्हा मी समोर बसते.

पहिल्या खुर्चीवरच्या तिच्या मैत्रिणीला मी पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसजवळ गाठलं. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, गुडघे दुखत असल्यामुळे चालताना किंचित झुकणारी. मी तिला सगळं सांगितलं, परभणीच्या बाईला तिच्याबद्दल काय वाटत होतं तेही. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं.

"म्हंजे त्या खुर्चीवर मी बसले आसते, तर मला?"

"हो."

"ह्या लायनीवर पयल्या दिवशी दोन खुर्च्या मोकळ्या व्हत्या," ती म्हणाली. "सुपरवायझरीन म्हनली, कुनी कुटं बसा. माजं गुडगं दुकतंय म्हनून दाराजवळची मी मागून घेतली. ती तिची व्हती. ती आदी जाऊन बसल्ती तितं. मी उटवली तिला."

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि तो हातातच धरून ठेवला. मी तिच्याबरोबर चौकापर्यंत चालले. रिक्षा करून देऊ का विचारलं, नको म्हणाली. मैत्रिणीचा पत्ता मात्र तिने विचारून घेतला. दोन वर्षांत ती कुठे राहायला गेली, तेही तिला माहीत नव्हतं.

महिन्याभराने परभणीच्या त्या बाईचा फोन आला. कागद मिळाल्याचं सांगायला केला होता. परत कारखान्यात जाणार नाही म्हणाली. यार्डातून निघताना कुणी डबा उघडायला लावत नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ती आल्ती मॅडम. रविवारी."

"काय बोललात?"

"काही न्हाई. बसली. लेकीचे फोटू दाखवले. चा घेतला. त्या गोष्टीचं नाव दोघींनीबी काडलं न्हाई. परत येते म्हनली."

"आल्या का?"

"अजून न्हाई," ती म्हणाली. "यील."

तोच प्रोग्राम, त्याच बंद-चालूच्या सोयीसकट, मी आणखी चार गेटांवर दिला होता. मधल्या काळात चारही ठिकाणच्या नोंदी काढून बघितल्या. तीन ठिकाणी पुरुष घोळक्याने बाहेर पडतात, नंबर रोज बदलतो, तिथे कुणी अडकलेलं नव्हतं. चौथ्या ठिकाणी, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, एक माणूस वर्षभर जवळजवळ रोज लाल दिव्यात सापडला. तो नेहमी गर्दीच्या आधी, घाईने, पहिल्या दोघांमागोमाग तिसराच बाहेर पडायचा. मग एका सोमवारपासून त्याचं कार्ड लागलेलंच नाही. त्याचा कंत्राटदार ते काम सोडून गेला आहे. नोंदवहीत एक मोबाइल नंबर आहे. तो बंद येतो. मी दर बुधवारी एकदा लावून बघते.